मलेरियाची स्लाईड नीट कशी करायची आणि नीट कशी बघायची

सोलापुरात दोन-चार चांगले पाऊस झाले की लॅबच्या काउंटरवर एकाच छापाच्या चिठ्ठ्या यायला लागतात, सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, डेंग्यू, आणि खाली घाईघाईत लिहिलेलं ‘पीएस फॉर एमपी’, म्हणजे रक्ताच्या स्लाईडवर मलेरियाचे परजीवी शोधा. नळाला पाणी दिवसाआडचं सोडा, चार-चार पाच-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे घरोघरी बॅरल, हौद, टाक्या भरलेल्या, आणि शहरात मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी डास नेमका असल्याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. तर सीबीसी मशीन करतं, डेंग्यूचं कार्ड असतं, पण ती तिसरी ओळ मात्र आपल्या डोळ्यांनी आणि हातांनीच करावी लागते. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून नवीन लागलेली पोरंपोरी सारखी विचारतात म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवतेय.

आधी एक सांगते, कारण बाकी सगळं त्यावरूनच आलंय. मी नवीन होते तेव्हा एका ठिकाणी काम करायचे, संध्याकाळची गर्दी, एका ऊसतोड कामगाराची स्लाईड आली, मी फक्त थिन स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर, केला, वीसेक फील्ड, म्हणजे मायक्रोस्कोपमध्ये एका वेळी दिसणारे भाग, बघितली, काही दिसलं नाही, ‘निगेटिव्ह’ लिहून मोकळी झाले. दोन दिवसांनी तो माणूस बेशुद्ध अवस्थेत अ‍ॅडमिट झाला आणि तिथे फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाची सगळ्यात घातक जात, निघाला. वाचला तो, पण माझी ती जुनी स्लाईड मी परत काढून शांतपणे बघितली तेव्हा स्मिअरच्या शेपटीकडच्या भागात रिंग, म्हणजे परजीवीच्या अंगठीसारख्या कोवळ्या अवस्था, होत्या. म्हणजे परजीवी होते, मीच तिथपर्यंत गेले नव्हते. तेव्हापासून माझ्यासाठी ‘निगेटिव्ह’ हा सगळ्यात जास्त मेहनतीचा रिपोर्ट आहे, पॉझिटिव्ह लिहिणं सोपं असतं.

आता काचेपासून. नवीन पाकिटातली स्लाईड स्वच्छ असते हा गैरसमज आहे, तिच्यावर तेलकट थर असतो आणि पावसाळ्यात तर पाकिटातल्या काचा एकमेकींना चिकटून बुरशीसुद्धा येते. साबणाच्या पाण्यात धुवा, साध्या पाण्यात दोनदा काढा, स्पिरीट लावून धागे न सुटणाऱ्या कपड्याने पुसा आणि कडेनेच धरा. तेलकट काचेवर रक्त पसरताना मध्ये गोल गोल भोकं पडतात आणि मग त्या स्मिअरचं काही होत नाही.

रक्त बोटातून घेतलेलं सगळ्यात चांगलं. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट, आणि टोचायचं अगदी टोकावर नाही, थोडं बाजूला. आपल्याकडे विडी वळणाऱ्या बायका खूप येतात, त्यांच्या बोटांची टोकं वर्षानुवर्षं पानं वळून घट्ट झालेली असतात, तिथे टोचलं की लॅन्सेट नुसतं रुततं आणि रक्त येत नाही, मग आपण दाबत बसतो आणि पेशींबरोबर अंगातलं पाणी पिळून काढतो. मावशींना हात दोन मिनिटं खाली सोडून मुठी उघड-बंद करायला सांगा, बोट चोळून गरम करा आणि बाजूला टोचा, थेंब आपोआप येतो. स्पिरीट पूर्ण वाळू द्यायचं, ओल्या स्पिरीटमध्ये थेंब मिसळला की लाल पेशींचा आकार बिघडतो. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाकायचा. लॅन्सेट दर माणसाला नवीन, आणि वापरून झालं की लगेच शार्पच्या डब्यात.

ईडीटीएच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या, ट्यूबमधून स्मिअर करायचा असेल तर तासाभराच्या आत करा. बाहेरगावच्या कलेक्शन सेंटरवरून, म्हणजे बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून येणाऱ्या ट्यूबा कधी कधी पाच-सहा तासांनी पोचतात आणि तोपर्यंत परजीवी आकसलेले, विस्कटलेले असतात. नर गॅमेटोसाईट, म्हणजे परजीवीची डासात जाऊन पुढे वाढणारी नर अवस्था, तर ट्यूबमध्येच फुटून त्यातून शेपट्यांसारखे धागे बाहेर पडतात, नवख्याला ते वेगळेच जंतू वाटतात. लाव्हेरान या फ्रेंच डॉक्टरने १८८० साली अल्जेरियात मलेरियाचा परजीवी पहिल्यांदा ओळखला तो हेच वळवळणारे धागे ताज्या, न रंगवलेल्या रक्तात बघून. त्याचा त्यात शोध लागला, आपली मात्र परजीवीची जात ओळखण्यात गडबड होते. म्हणून सेंटरवाल्यांना मी सांगितलंय, ट्यूबबरोबर तिथेच केलेली, वाळलेली स्लाईड पाठवा.

एकाच काचेवर थिक, म्हणजे रक्ताचा जाड गोल, आणि थिन दोन्ही करायचे. थिकसाठी साधारण सहा मायक्रोलिटर रक्त, म्हणजे बोटावरचे तीन छोटे थेंब जवळजवळ घ्यायचे आणि दुसऱ्या काचेच्या कोपऱ्याने भराभर एकत्र करून एक ते सव्वा सेंटिमीटरचा गोल करायचा. फार ढवळायचं नाही. जाडी बरोबर आहे का हे बघायची जुनी युक्ती अजूनही चालते, काच वर्तमानपत्रावर ठेवायची, रक्ताखालची अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. अक्षरं गायब म्हणजे फार जाड, धुताना सगळं सुटून जाईल. स्वच्छ दिसली म्हणजे फार पातळ. थिनसाठी एक छोटा थेंब पुरतो, दोन मायक्रोलिटर, गुळगुळीत कडेची स्प्रेडर काच ३० ते ४५ अंशात धरून एका दमात पुढे, हात थांबला की स्मिअरवर पट्टे येतात. शेवटी जिभेसारखी निमुळती शेपटी आली पाहिजे आणि ती काचेच्या टोकापर्यंत जाता कामा नये. नाव किंवा नंबर लगेच पेन्सिलीने थिनच्या जाड बाजूवरच लिहा, मार्करची शाई मिथेनॉलमध्ये धुऊन जाते.

वाळवणं. इथे बरेच जण चुकतात आणि सोलापूरच्या हवेत ते जास्तच चुकतं. स्लाईड सपाट ठेवून आपोआप वाळू द्यायची, थिकला पाऊण तास-तास लागतो. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला असताना लॅबच्या खिडकीत ठेवलेला थिक उन्हाच्या झळांनी भाजून निघतो, त्यातलं हिमोग्लोबिन तिथेच पक्कं बसतं, मग स्टेन करताना, म्हणजे रंगवताना, ते निघत नाही आणि सगळं फील्ड निळं-तपकिरी ढगासारखं दिसतं. ड्रायर मारला किंवा इन्क्युबेटर जास्त तापवला तरी हेच. उन्हाळ्यात थिक त्याच दिवशी स्टेन करायचा, उद्यावर ढकलायचा नाही. पावसाळ्यात उलटं, वाळायला उशीर, आणि तेवढ्यात माश्या, मुंग्या, झुरळं येतात, ती खरंच रक्त खातात, सकाळी बघावं तर गोलाच्या मध्ये कुरतडलेलं असतं. जाळीचा झाकणवाला डबा करून घ्या.

आता स्टेन. तत्त्व एवढंच, थिन मिथेनॉलमध्ये फिक्स करायचा, म्हणजे पेशी काचेवर पक्क्या बसवायच्या, थिक अजिबात नाही. थिकमधल्या लाल पेशी पाण्याने फुटून रंग निघून गेला तरच आपल्याला एकावर एक दहा-वीस थर आरपार दिसतात. फिक्स करताना काच तिरकी धरा, थिक वर आणि थिन खाली, मिथेनॉल फक्त थिनला लागू द्या, त्याची वाफसुद्धा थिकला लागली तरी तो अर्धवट फिक्स होतो. मिथेनॉलची बाटली घट्ट बंद पाहिजे, पावसाळ्यात ते हवेतलं पाणी ओढतं आणि मग लाल पेशींवर चमकणारी भोकं-भोकं दिसतात, नवीन माणूस त्यालाच परजीवी म्हणून मोकळा होतो.

जिएम्सा हा स्टेन सगळ्यात भरवशाचा. घाईचं काम असेल तर १० टक्के, म्हणजे एक मिली स्टॉकला (न पातळ केलेल्या मूळ स्टेनला) नऊ मिली बफर (पीएच कायम ठेवणारं पाणी), आठ ते दहा मिनिटं. निवांत बॅच असेल तर ३ टक्के, ४५ मिनिटं, रंग जास्त छान येतो आणि स्टेनही कमी लागतो. बफरचा पीएच ७.२ पाहिजे, आणि यात तडजोड करू नका असं मी हात जोडून सांगते. आपल्याकडचं नळाचं, बोअरचं पाणी जड असतं, त्याने स्टेन केला तर एक दिवस निळं, एक दिवस गुलाबी. सीबीसीच्या नेहमीच्या स्मिअरला ६.८ चालतो म्हणून तोच बफर लोक मलेरियाला वापरतात, पण मग व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या जातीचे ते बारीक गुलाबी ठिपके, शफनर डॉट्स, उठतच नाहीत. बफरच्या गोळ्या मिळतात, डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायच्या, पीएच पट्टीने तपासायचा, झालं. पातळ केलेला स्टेन लागेल तेवढाच करा, १० टक्केवाला पंधरा मिनिटांत वापरा, उरलेला फेकून द्या. स्टॉकच्या बाटलीत ओला ड्रॉपर कधीच घालू नका, एक थेंब पाणी गेलं तरी हळूहळू पूर्ण बाटली मरते.

वेळ झाली की काच उचलून स्टेन ओतून टाकायचा नाही. वर जो सोनेरी-हिरवट चमकणारा थर येतो तो ओतताना थेट स्मिअरवर बसतो आणि मग सगळीकडे काळे ठिपके. काच आडवीच ठेवून कडेने हळूहळू बफर सोडायचा म्हणजे तो थर तरंगत बाहेर जातो, मग उभी करून निथळत ठेवायची. थिकवर टिपकागद दाबू नका, सगळं कागदावर येईल.

सरकारी यंत्रणेत जेएसबी स्टेन चालतो, तोही चांगला, आपल्याच देशात जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांनी १९४० च्या दशकात बसवलेला, पाण्यातला, स्वस्त आणि फार भराभर होणारा, इओसिनमध्ये सेकंद-दोन सेकंद, धुवायचं, निळ्या स्टेनमध्ये अर्धा-पाऊण मिनिट, परत धुवायचं. रोज शेकडो स्लाईड असतील तर तोच. खाजगी लॅबमध्ये लिशमन जास्त असतो, त्यात मिथेनॉल असल्यामुळे थिनला बरा, थिकला नाही.

स्टेन बरोबर झालाय का ते आधी पांढऱ्या पेशीवर बघा. केंद्रक गडद जांभळं, न्यूट्रोफिलचे दाणे दिसतायत, थिनमधल्या लाल पेशी फिक्या गुलाबी-राखाडी, तर पुढे जा. पांढरी पेशीच फिकट असेल तर परजीवी दिसणार कुठून.

मायक्रोस्कोपवर शंभरचं ऑइल ऑब्जेक्टिव्ह, कंडेन्सर पूर्ण वर. थिकमध्ये अशी जागा शोधा जिथे एका फील्डमध्ये पंधरा-वीस पांढऱ्या पेशी दिसतात, आणि तिथून ओळीने, वर-खाली करत, कमीत कमी १०० फील्ड. मोजून. हातात काउंटर घ्या. १०० फील्ड म्हणजे साधारण पाव मायक्रोलिटर रक्त होतं, तेवढंच रक्त थिनमध्ये बघायचं म्हटलं तर तास जाईल, म्हणून तर थिक करायचा. एका स्लाईडला आठ-दहा मिनिटं लागतात आणि ती द्यावीच लागतात. बारीक फोकसचा स्क्रू सतत थोडा थोडा फिरवत राहा, थिकला खोली असते. काय शोधायचं, तर लाल ठिपका आणि त्याला चिकटलेला निळा. दोन्ही पाहिजेत. नुसता लाल-जांभळा दाणा म्हणजे प्लेटलेट किंवा स्टेनचा कचरा.

एक सापडला की थांबू नका, हे परत परत सांगते. व्हायव्हॅक्स दिसला म्हणून रिपोर्ट टाइप करायला गेलात आणि त्याच रक्तात फाल्सिपेरम असेल तर? मिक्स केसेस असतात. १०० फील्ड पूर्ण करा आणि मग थिनवर जाऊन जात पक्की करा, कारण थिकमध्ये लाल पेशीच उरलेली नसते तर तिचा आकार कुठून कळणार.

थिनमध्ये आधी परजीवी बघू नका, तो ज्या लाल पेशीत बसलाय ती बघा. शेजारच्या पेशींपेक्षा ती मोठी, फुगलेली, फिकट, आणि तिच्यात गुलाबी ठिपक्यांचा शिडकावा असेल तर व्हायव्हॅक्स. आतला परजीवी वेडावाकडा, अमिबासारखा पसरलेला, स्किझॉन्टमध्ये, म्हणजे विभागत असलेल्या परजीवीत, बारा ते चोवीस दाणे, आणि रिंगपासून गॅमेटोसाईटपर्यंत सगळ्या अवस्था एकाच स्लाईडवर दिसतात. पेशी नेहमीच्याच आकाराची, रिंग अगदी नाजूक, एका पेशीत दोन-तीन रिंगा, एका रिंगेला दोन लाल ठिपके, किंवा रिंग पेशीच्या कडेला चिकटून बाहेर डोकावतेय, आणि रिंगांशिवाय बाकी काही सापडत नाही, तर फाल्सिपेरम. त्याच्या मोठ्या अवस्था आतल्या अवयवांच्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात म्हणून बोटाच्या रक्तात येत नाहीत. आणि त्याचा केळ्याच्या आकाराचा गॅमेटोसाईट एकदा बघितला की आयुष्यात विसरत नाही. फाल्सिपेरमचा स्किझॉन्ट बोटाच्या रक्तात दिसला तर मात्र आजार गंभीर असू शकतो, सरळ फोन उचला.

फसवणाऱ्या गोष्टींत पहिला नंबर लाल पेशीवर पडलेल्या प्लेटलेटचा. फोकस वर-खाली करा, प्लेटलेट पेशीच्या वर असते, तिच्याभोवती बऱ्याचदा फिकट कडं दिसतं, परजीवी पेशीच्याच पातळीत असतो. शंका असेल तर शेजारी सुटी पडलेली प्लेटलेट शोधून रंग जुळवून बघा. हॉवेल-जॉली बॉडी, म्हणजे लाल पेशीत उरलेला केंद्रकाचा तुकडा, नुसता गोल ठिपका असतो, निळा भाग नसतो. स्टेनचा कचरा पेशींच्या बाहेरही तितकाच पसरलेला असतो.

आता बाकीच्या पेशी. डॉक्टरांना फक्त ‘एमपी पॉझिटिव्ह’ नको असतं. मोनोसाईट आणि न्यूट्रोफिलमध्ये काळपट-तपकिरी दाणे आहेत का ते मुद्दाम बघा, ते परजीवीने हिमोग्लोबिन खाऊन टाकलेलं पिगमेंट. गोळ्या चालू झालेल्या पेशंटमध्ये परजीवी सापडत नाहीत पण पिगमेंट सापडतं, तेव्हा तसं लिहा, त्याचा डॉक्टरांना उपयोग होतो. फाल्सिपेरममध्ये पाच टक्क्यांपेक्षा जास्त न्यूट्रोफिलमध्ये पिगमेंट दिसणं हे आजार गंभीर असल्याचं लक्षण मानतात. प्लेटलेट मलेरियात बऱ्याचदा कमी होतात, आणि इथेच घोळ होतो, प्लेटलेट ४० हजार बघितल्या की घरचे आणि कधी कधी दवाखानेही डेंग्यू धरून चालतात. माझा नियम असा, ताप आणि कमी प्लेटलेट असलेली प्रत्येक सीबीसी आली की चिठ्ठीवर लिहिलेलं असो नसो, एक थिन स्मिअर बघायचाच. मशीनच्या ग्राफवरही लक्ष ठेवा, पिगमेंटवाल्या पांढऱ्या पेशींमुळे काही काउंटर इओसिनोफिल उगाच वाढलेले दाखवतात किंवा फ्लॅग देतात. असा फ्लॅग आला की तो खोडायचा नाही, स्लाईड करायची.

मोजणी. थिकमध्ये २०० पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत किती परजीवी आले ते मोजा, शंभरपेक्षा कमी भरले तर ५०० पांढऱ्या पेशींपर्यंत जा. समजा २०० ला ३५० आले आणि पेशंटचा पांढऱ्या पेशींचा टोटल काउंट ५,२०० आहे, तर ३५० भागिले २०० गुणिले ५,२०० म्हणजे ९,१०० परजीवी प्रति मायक्रोलिटर. काउंट माहीत नसेल तर ८,००० धरतात, पण मग हेच उत्तर १४,००० येतं, म्हणून सीबीसी हातात असताना ८,००० धरू नका. खूप जास्त परजीवी असतील तर थिनमध्ये हजार लाल पेशींमागे किती बाधित ते मोजून टक्केवारी द्या, एका पेशीत तीन रिंगा असल्या तरी बाधित पेशी एकच. गॅमेटोसाईट वेगळे लिहा, या मोजणीत मिसळू नका.

रॅपिड कार्ड करा, जरूर करा, रात्री-अपरात्री फार उपयोगी आहे, पण स्लाईडच्या ऐवजी नाही. फाल्सिपेरमच्या एचआरपी-२ या प्रथिनाची रेघ औषध पूर्ण झाल्यावरही काही आठवडे दिसत राहते, त्यामुळे पेशंट बरा झाला का हे कार्डवरून सांगता येत नाही, ते स्लाईडच सांगते. परजीवी कमी असले तर कार्ड निगेटिव्ह येऊ शकतं. आणि कार्डवर लिहिलेल्या वेळेतच वाचा, तासाभराने उगवलेली फिकट रेघ धरू नका.

पेशंटला दोन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या, ताप दिवसाआड हुडहुडी भरून येतो का, आणि गेल्या महिन्याभरात कुठे जाऊन आलात. गडचिरोलीकडून, छत्तीसगड-ओडिशाकडून कामाला आलेला माणूस असेल तर फाल्सिपेरम डोक्यात ठेवूनच डोळे लावा. स्लाईडसाठी ताप चढायची वाट बघायची गरज नाही, आला तेव्हा रक्त घ्या.

रिपोर्टमध्ये ‘मलेरिया नाही’ असं कधीच लिहू नका. ‘थिक स्मिअरच्या १०० फील्डमध्ये मलेरियाचे परजीवी दिसले नाहीत’ असं लिहा, आणि ताप चालूच असेल तर बारा ते चोवीस तासांनी परत स्लाईड पाठवा असं खाली टाका, लागोपाठ दोन-तीन वेळा. पॉझिटिव्ह असेल तर जात, अवस्था, संख्या, तिन्ही. फाल्सिपेरम असेल तर रिपोर्ट प्रिंट होईपर्यंत थांबू नका, डॉक्टरांना लगेच फोन, किती वाजता आणि कोणाशी बोललात ते रजिस्टरमध्ये, आणि पॉझिटिव्हची माहिती जिल्हा हिवताप कार्यालयालाही कळवायची. स्लाईडवरचं तेल टिपकागदाने नुसतं अलगद टिपून घ्या, घासू नका, आणि नंबर वर येईल अशी डब्यात लावा, उद्या कोणी परत बघायला मागितली तर दोन मिनिटांत हातात देता आली पाहिजे.